२५६ कमी

२३०४. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. रॅडिऑन आरएक्स ५८० या ग्राफिक्स कार्डात एवढे शेडर, म्हणजे चित्राचा हिशेब करणारे छोटे गणक, असतात. मी ५८० म्हणून पैसे मोजून आणलेल्या कार्डात २०४८ निघाले. ही २०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट आहे, पण अजून आठवली की हात थरथरतात.

पीसी जुनाच होता. एका ऑफिसातून भंगारात निघालेला, आठ हजारांत मिळालेला. आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर, एच-८१ चा बोर्ड, ४ जीबी रॅमची एकच स्टिक आणि घरघर करणारी हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड नव्हतंच. जीटीए फाइव्ह हा गेम लावला की गाडी वळवताना चित्र अडकायचं. कॉलेज करून संध्याकाळी महा ई-सेवा केंद्रात फॉर्म भरायचं काम करायचो, त्यातले आठ महिन्यांत चौदा हजार साठले होते.

तेव्हा जुनी कार्डं स्वस्त व्हायला कारण होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग कार्डांवर करायचं बंद झालं आणि मायनिंगवाल्यांनी आपली कार्डं बाजारात ओतली. ज्या कार्डांचे भाव दोन वर्षांपूर्वी ऐकवत नव्हते ती माझ्यासारख्याच्या आवाक्यात आली. आमच्या इचलकरंजीत नवंच मिळत होतं आणि तेही महाग. म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसून रात्र काढली, पहाटे दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड. भडकमकर मार्ग म्हटलं तर कुणाला कळत नाही, लॅमिंग्टन रोडच म्हणावं लागतं. दुकानं उघडेपर्यंत अकरा वाजले.

दहा-बारा ठिकाणी भाव विचारला. आठ, साडेआठ हजार. एका इमारतीत वरच्या मजल्यावर छोटासा गाळा होता, तिथला माणूस साडेसात म्हणाला. कार्डावर स्टिकर होतं, आरएक्स ५८०, ८ जीबी. त्याने माझ्यासमोर टेबलावरच्या मशीनला लावलं, कार्डावर ताण टाकणारं फरमार्क चालवून दाखवलं. दहा मिनिटं मी फक्त तापमान बघत उभा होतो. ७४ च्या वर गेलं नाही. त्याच पडद्यावर कार्डाचं पूर्ण नावही आलं असेल. मी ते वाचलं नाही. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी, बिल कच्चं. वॉरंटीची तारीख त्याने बिलावर बॉलपेनने लिहिली.

घरी आल्यावर पहिला घोटाळा एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा झाला. ५८० कार्ड एकटं १८५ वॅट खातं. माझ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं होतं, पण तो डबा हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका, आणि त्याला आठ पिनची वायरच नव्हती. दुकानदाराने दिलेला कन्व्हर्टर लावून गेम सुरू केला तर दोन मिनिटांत मशीन बंद. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो की बाकी सगळं जुनं घ्या, एसएमपीएस नवा आणि चांगला घ्या. वाईट एसएमपीएस जळताना शेजारच्यांना घेऊन जळतो. ब्राँझ रेटिंगचा, खरा ४५० वॅटचा घेतला. बत्तीसशे गेले.

त्या रात्री सगळं सुरळीत चालू झालं. आनंदात जीपीयू-झेड उघडलं, उगाच, आपल्या कार्डाची कुंडली बघावी म्हणून. नावाच्या रकान्यात आरएक्स ५८० आणि त्याच्यापुढे २०४८एसपी. शेडर्स २०४८.

शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. २०१८ साली चीनच्या बाजारासाठी हे वेगळं कार्ड निघालं होतं. खऱ्या ५८० मध्ये ३६ कम्प्युट युनिट असतात आणि प्रत्येकात ६४ शेडर. याच्यात ३२ च. म्हणजे आतून ते ५७० च्या पंगतीतलं. नाव पूर्ण लिहिलं तर त्यात लबाडी काहीच नाही. माझ्या कार्डाच्या स्टिकरवर तो शेवटचा तुकडा नव्हता आणि दुकानदाराच्या तोंडातूनही आला नाही.

आमचे आण्णा रात्रपाळीहून आले तेव्हा मी जागाच होतो. ते यंत्रमागावर जॉबर आहेत, माग बिघडला की दुरुस्त करणारे. कॉम्प्युटरमधलं त्यांना फारसं कळत नाही, पण मी २३०४ आणि २०४८ सांगितल्यावर त्यांनी मनात हिशेब केला.

"म्हंजे नवातला एक भाग कमी," ते म्हणाले. "५२ पिकाच्या भावात ४६ पिकाचा माल दिला की रं तुला. भिंग लावलं नाहीस व्हय?"

आमच्याकडे कापडात इंचाला किती आडवे धागे बसले ते भिंग लावून मोजतात. त्यांना पिकं म्हणतात आणि मजुरीही त्या हिशेबाने मिळते. पीक कमी भरलं तर व्यापारी ताका बाजूला काढतो आणि पैसे कापतो. तिथे कुणी असं म्हणत नाही की कापड तर आहे ना, अंगावर बसतंय ना. आण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते पाणी पिऊन झोपायला गेले.

सकाळी दुकानदाराला फोन केला. पलीकडून शांत आवाजात उत्तर आलं, "चल रहा है ना? फिर क्या प्रॉब्लेम है?" मी शेडर्स सांगितले, ३६ आणि ३२ सांगितले. तो म्हणाला, ५८० लिहिलंय, ८ जीबी आहे, गेम चालतोय. गेम चालतोय हे खरंच होतं, आणि मला त्याच्यावर बोलता येईना. वस्तू बंद पडली तर भांडता येतं. चालणारी वस्तू हातात धरून ‘मला फसवलंत’ म्हणताना आपणच हलकट वाटायला लागतो. हा माझा खरा राग आहे. मी बरोबर होतो आणि तरी माझी जीभ अडखळत होती.

पाचव्या दिवशी पुन्हा महालक्ष्मी. पुन्हा जनरल डबा, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं कार्ड. गाळ्यात दुसरी दोन गिऱ्हाइकं होती. मी पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड नेलं होतं, त्याच्याच मशीनवर त्याला आकडा दाखवला. त्याने पडद्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, पसंत नसेल तर परत घेतो, साडेपाच हजार देतो. सात दिवसांची वॉरंटी म्हटल्यावर म्हणाला, वॉरंटी खराब झालं तर असते, हे खराब कुठे आहे? मी म्हटलं, खरं ५८० द्या, नाहीतर पूर्ण पैसे द्या. त्याने खरं ५८० काढून दाखवलं. त्याच्याकडे होतं! त्याच कपाटात, त्याच फळीवर. वर हजार दे म्हणाला. म्हणजे त्याला दोन्हीतला फरक रुपयांत माहीत होता आणि मी पहिल्यांदा आलो तेव्हाही माहीत होता. तिथे उभ्या असलेल्या त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाने माझ्याकडे बघून मान खाली घातली. त्याच्या हातातही एक कार्ड होतं.

हजार माझ्याकडे नव्हते असं नाही. दिले नाहीत. कार्ड पुन्हा टॉवेलात गुंडाळलं आणि परत आलो. दोन वेळच्या प्रवासात हजारभर गेले ते वेगळेच.

आता जे सांगतो ते मला अजून नीट पचलेलं नाही. उरलेल्या पैशांतून १,४०० ला २४० जीबीची एसएसडी आणि ६०० ला जुनी ४ जीबी रॅम घेतली. दुसरी स्टिक बसली, रॅम दुहेरी चॅनलवर चालू लागली आणि गेम एकदम मोकळा पळायला लागला. विंडोज सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा, तो काही सेकंदांवर आला. दोन हजारांच्या या दोन वस्तूंनी जेवढा फरक पडला तेवढा कशानेच पडला नव्हता. मग टास्क मॅनेजर उघडून खेळलो. प्रोसेसर १०० टक्के आणि कार्ड साठ टक्क्यांच्या आसपास. माझा मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, प्रोसेसर २०१३ चा, चार कोअरचा. कार्ड त्याची वाट बघत बसलेलं असायचं. ते हरवलेले २५६ शेडर माझ्याकडे असते तरी त्यांना माझ्या मशीनमध्ये काम नव्हतं. एवढ्यासाठी मला जीटीएक्स १०५० टीआय हे छोटं कार्ड पुरलं असतं. ते ७५ वॅटमध्ये बोर्डाच्या स्लॉटवरच चालतं, त्याला सहसा वेगळी वायर लागत नाही. कदाचित नवा एसएमपीएसही वाचला असता.

म्हणजे माझं नुकसान झालं नाही. मित्र हेच म्हणतात, मीही कधीकधी म्हणतो. पण ज्या कापडाचा परकर शिवायचा त्यातही ४६ पिकं ५२ म्हणून खपवू नयेत. मला किती लागतं हे त्याने ठरवायचं नव्हतं.

जुनं घेऊच नका असं मी त्या वर्षी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. ते आता सांगत नाही, कारण ज्याच्याकडे चौदा हजारच आहेत त्याला नवं घ्या म्हणणं म्हणजे घेऊ नका म्हणणं. आधी रॅम आणि एसएसडी करा, टास्क मॅनेजर उघडून नक्की काय कमी पडतंय ते बघा, आणि मग कार्डाच्या मागे लागा. जाताना पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड न्या. ते इन्स्टॉल करावं लागत नाही, डबल क्लिक केलं की उघडतं. शेडर्सचा आकडा डोळ्यांनी वाचेपर्यंत खिशात हात घालू नका. दुकानदार घाई करेल, मागे गिऱ्हाईक उभं आहे म्हणेल. उभं राहू दे.

कार्ड अजून चालतंय. उन्हाळ्यात एकदा थर्मल पेस्ट बदलली, एक पंखा बदलला. त्याच्या पाठीवर मी मार्करने २०४८ लिहून ठेवलंय, विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला दिसावं म्हणून.