औराद ते कलबुर्गी : निधानाची वाट

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. पुतण्याच्या पिकअपमध्ये पंधरा क्विंटल तूर भरली होती. औरादहून उदगीरची बाजारपेठ जवळ. पण कलबुर्गी म्हणजे तोगरीचे माहेरघर, तिथे भाव दोन पैसे बरा मिळतो असा त्याचा अनुभव. अडचण एकच होती. भावात मिळालेले डिझेलमध्ये जायचे, आणि गाडीचा हप्ता काही थांबत नाही. मागच्या खेपेला जाऊन-येऊन ३१० किलोमीटरला २८ लिटर डिझेल लागले होते. म्हणजे लिटरला जेमतेम अकरा.

"काका, इंजिनच खराब दिसतंय," तो म्हणाला.

"एक खेप माझ्या सांगण्याप्रमाणे चालव, मग इंजिनला दोष दे," मी म्हटले.

निघण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहून घेतला. टायर थंड असतानाच हवा पाहिली. मागच्या दोन्ही टायरांत कमी निघाली. कमी हवेचा टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि इंजिनला जास्त ओढायला लावतो. ताडपत्री फडफडत होती, ती दोरीने घट्ट आवळली. हौद्यात पडलेले जुने टायर आणि लोखंड वहिनींनी घरीच उतरवून घेतले.

संतपूर मागे पडले. कौठ्याच्या पुलाकडे, मांजरेच्या उतारावर त्याने सवयीने गाडी न्यूट्रल केली. मी लगेच म्हटले, "अरे, गिअरमध्ये ठेव." आजच्या डिझेल गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनला जाणारे डिझेल बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. शिवाय भरल्या गाडीला इंजिनचा आधार उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. तो काही बोलला नाही. पण पुढच्या उताराला हात गिअरकडे गेला नाही.

बिदरच्या पठारावरचा चढ संपला आणि हुमनाबादचा मोकळा रस्ता लागला, तसा काटा ऐंशीकडे सरकू लागला. खरे डिझेल इथेच जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठचे ऐंशी केले की तो जवळपास पावणेदोन पट होतो. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन तर ४५ ते ५५चाच वेग सुचवते. आम्ही पन्नास-पंचावन्नवर तडजोड केली. मागून ट्रक हॉर्न वाजवून पुढे गेले. त्यातले दोन हुमनाबादच्या चहाच्या टपरीवर पुन्हा भेटले!

पुढे कमलापूरच्या तांबड्या केळींच्या गाड्या लागल्या. कलबुर्गीच्या मार्केट यार्डात तासभर रांग होती. दर वेळी गाडी हलली की इंजिन बंद करायला लावले. तूर विकली, आणि रिकाम्या गाडीनेही तोच वेग ठेवून परतलो.

औरादला त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. २४ लिटर. लिटरला जवळपास तेरा! चार लिटर वाचले. जाताना अर्धा तास आणि येताना अर्धा तास, एवढाच काय तो उशीर.

वाटेत कन्नड पाटी दिसली होती, "निधानवागि चलिसि". पुतण्या कन्नड शाळेत शिकलेला. तो हसून म्हणाला, "काका, तुमच्या मराठीत निधान म्हणजे ठेवा ना? आमच्या कन्नडात सावकाश."

मी वीस वर्षे मराठी शिकवतो, पण दोन भाषांचा हा हिशेब मला कधी सुचला नव्हता. रात्री दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी डिझेल किती लागले हे विचारले नाही. "आज गाडी सावकाश आली वाटतं," एवढेच म्हणाल्या, आणि पाने वाढायला आत गेल्या.