पाणी कुठे मुरते?

पेण आणि रोहा ही दोन्ही गावे व्यापारउदिमाची. पेणच्या गणेशमूर्ती, पोहे आणि पापड दूरदूर जातात. रोह्याच्या शेजारी धाटावची औद्योगिक वसाहत उभी आहे. या बाजारपेठांतील पेढ्यांवर पूर्वी टपाल वेळेवर आले की दिवस सुरळीत जात असे. आता टपालाची जागा एका बारीक तारेने घेतली आहे. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास आणि परगावच्या लेकीसुनांची ख्यालीखुशाली हे सारे तिच्यातूनच ये-जा करते. ती तार मंदावली की पेढी मंदावते. त्याहून वाईट म्हणजे एकाच छपराखालची माणसे परस्परांकडे संशयाने पाहू लागतात.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग असलेल्या जोडणीला ब्रॉडबँड मानले. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. आज तालुक्याच्या गावीही १०० किंवा ३०० मेगाबिटच्या योजना मिळतात. ३०० मेगाबिट म्हणजे २००४ च्या त्या किमान वेगाच्या हजारपटींहूनही अधिक. तरीही ‘नेट फार स्लो आहे’ ही तक्रार घरोघर ऐकू येते. तिचे मूळ पुष्कळदा गावाबाहेरच्या मनोऱ्यात नव्हे, तर आपल्याच घराच्या भिंतीवर सापडते.

पेणच्या बाजारपेठेतील एका एकत्र कुटुंबाची हकीकत या दृष्टीने सांगण्याजोगी आहे. खाली धान्याची पेढी, वर दोघा भावांचा संसार. इंटरनेटचा राउटर पहिल्या मजल्यावर, आणि तेथून खिडकीच्या लोखंडी गजांमधून एक लॅन केबल बाहेरच्या भिंतीवरून खाली पेढीत उतरलेली. पावसाळा संपता संपता पेढीवरचा संगणक रेंगाळू लागला. बिल उघडायला वेळ, बँकेचे पान अर्ध्यावर अडकलेले. थोरल्या भावाने योजना १०० मेगाबिटवरून ३०० वर नेली. हप्ता वाढला, पेढीवरचा वेग मात्र जिथे होता तिथेच राहिला.

मग संशयाची सुई घरात फिरू लागली. धाकट्याचा मुलगा अकरावीत. त्याच्या हातात टॅब. ‘हाच रात्रंदिवस व्हिडिओ पाहतो, म्हणून खाली काही उरत नाही,’ असा निवाडा झाला आणि संध्याकाळनंतर टॅब कपाटात जाऊ लागला. मुलगा गप्प झाला. त्याची आई जेवण वाढताना गप्प झाली. धाकट्या भावाने एके दिवशी शांतपणे सांगितले, ‘दादा, आम्ही वेगळं कनेक्शन घेतो.’ वेगळी चूल मांडण्याची भाषा पूर्वी स्वयंपाकघरातून सुरू होत असे. ती आता राउटरपासून सुरू होणार की काय, अशी वेळ आली.

त्या सुमारास रोह्याचे मामा दोन दिवसांसाठी आले. त्यांनी उभी हयात विजेच्या सामानाचे दुकान चालवले. तारेचा स्वभाव त्यांना ठाऊक. सारे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, ‘पाणी मुरतंय हे खरं; पण कुठे मुरतंय ते कुणी पाहिलं का? आमच्या कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून तिच्यात येतं. पण नदी भरून वाहते म्हणून घरचा गंजलेला नळ जोरात वाहू लागत नाही.’

त्यांनी एक वही मागितली. वहीत पाच रकाने आखले: वेळ, जागा, उपकरण, कोणती तार, किती वेग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा लिहून ठेवायचा, एवढाच नियम. हिशेबाचा मेळ बसत नसेल तर जुना मुनीम दहा खाती एकदम उघडत नाही. तो आरंभीच्या शिलकेपासून एकेक नोंद तपासत खाली येतो. तारेचेही तसेच.

आरंभीची शिलक म्हणजे राउटर. रात्री अकरा वाजता मामांनी राउटरचे वाय-फाय बंद केले, खाली जाणारी तार काढली आणि धाकट्याचा लॅपटॉप एका आखूड, नव्या तारेने थेट राउटरला जोडला. वेग आला २८५. म्हणजे योजना देणाऱ्याकडून माल पुरा येत होता. मग खाली जाणारी तार पुन्हा लावली आणि तोच लॅपटॉप घेऊन ते पेढीत उतरले. तारेचे टोक पेढीवरच्या स्विचमधून काढून सरळ लॅपटॉपला लावले. वेग आला ९.

घरातील एकही मोबाइल जोडलेला नव्हता, टॅब कपाटात होता, सारे झोपलेले होते. आणि तरीही आकडा ९. मामांनी थोरल्यापुढे वही सरकवली. ‘यात पोराचं नाव कुठे आहे ते दाखव,’ ते म्हणाले. थोरला काही बोलला नाही.

पुढचा शोध दुसऱ्या दिवशी उजेडात झाला. तारेच्या खालच्या टोकाचा पारदर्शक प्लग काढून पाहिला, तर आतल्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला. खारेपाटाचा दमट, खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. धातू कुठवर तग धरणार? पावसाचे पाणी तारेच्या अंगावरून ओघळत थेट प्लगपर्यंत पोहोचत होते. प्लग कापून नवा बसवला. वेग ९ वरून ९४ वर गेला. घरात आनंदीआनंद झाला. मामा मात्र उठले नाहीत.

व्यापारी घरांना एक जुनी खूण माहीत असते. दोन बाजूंच्या बेरजांतील फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ५४ च्या जागी ४५ लिहिले गेलेले असते. फरकाचा आकडाच चुकीची जात सांगतो. तारेच्या जगात ९४ हा तसाच बोलका आकडा आहे. योजना ३०० ची आणि तारेवरचा वेग ९४-९५ च्या पुढे हलत नाही, याचा अर्थ दोन उपकरणांनी आपसांत १०० मेगाबिटवर तडजोड केलेली आहे. थोडा भाग वाहतुकीच्या व्यवस्थेतच खर्च होतो आणि ९४ हाती उरतात. योजनेचा हप्ता कितीही वाढवला, तरी हा आकडा वाढत नाही.

ही तडजोड का होते? लॅन केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात; १००० मेगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली तर जोडणी बंद पडतेच असे नाही, पुष्कळदा ती मुकाट्याने खालच्या पायरीवर येते. काम चालू राहते, म्हणूनच दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. मामांनी आठ दिव्यांचा छोटा टेस्टर लावला. सातवा दिवा लागलाच नाही. खिडकीच्या गजापाशी तार काटकोनात दाबली गेली होती. आतील एक तार तेथेच तुटलेली.

नवी तार घेताना त्यांनी वेष्टनावरील अक्षरे वाचून घेतली. ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ असे छापलेली, शुद्ध तांब्याची तार १०० मीटरपर्यंत १००० मेगाबिट वाहू शकते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही मिळते. ती स्वस्त असते, पण लवकर मोडते. तार प्लॅस्टिकच्या नळीतून नेली, विजेच्या तारेपासून दूर ठेवली, वळणे गोलाकार दिली आणि पेढीत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकता झोल दिला, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशीच गळून पडेल. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम प्रमाण पद्धतीप्रमाणे एकसारखा ठेवला.

लॅपटॉप थेट जोडला तेव्हा पेढीतही २८० च्या पुढे वेग आला. पण संगणक, प्रिंटर आणि सीसीटीव्हीची पेटी ज्या जुन्या स्विचवर होती, तो मध्ये येताच पुन्हा ९४! स्विच उलटा करून पाहिला. तळाशी बारीक अक्षरांत ‘१०/१००’ असे छापलेले. तो बिघडलेला नव्हता. त्याची धाव तेवढीच होती. एक चूक सापडली म्हणजे ताळेबंद जुळला असे नव्हे. येथे तीन ठिकाणी पाणी मुरत होते, आणि पहिल्या गळतीने उरलेल्या दोन झाकल्या होत्या.

ही तपासणी कोणत्याही घरी करता येते. विंडोज संगणकाच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क’ आणि त्याखाली ‘इथरनेट’ उघडले की तारेने किती मेगाबिटवर तडजोड केली आहे ते ‘लिंक स्पीड’ या नोंदीत दिसते. १००० असल्यास उत्तम. १०० किंवा १० असल्यास प्लग, तार, स्विच आणि संगणक किंवा राउटर यांची खाच या क्रमाने पाहावे. बिट आणि बाइट यांचा घोळही टाळावा. योजना मेगाबिटमध्ये विकली जाते, तर फाइल उतरवताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले, तर ती फसवणूक नव्हे, केवळ मापातील फरक आहे.

राउटरपाशीच वेग कमी आला, तर मात्र दोष घराबाहेरचा असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन दिवसांचे आकडे लिहून तक्रार करावी. ‘स्लो आहे’ या शब्दांपेक्षा नऊ आकडे अधिक ऐकले जातात. फायबरची तार दाबली किंवा फार वाकवली गेली की तिच्यातून जाणारा प्रकाश घटतो. पेटीवर लाल दिवा लागला तर ती स्वतः उघडू नये आणि तिच्या टोकात डोकावून पाहू नये. काही विलंब कोणाच्याच तारेचा नसतो. विवरणपत्राच्या २० तारखेला सारा देश एकाच संकेतस्थळावर गर्दी करतो. त्या दिवशीच्या खोळंब्यावर उपाय एकच, काम १५ तारखेपर्यंत उरकणे.

पेणच्या त्या घरात तार, प्लग आणि नवा स्विच यांचा खर्च वाढीव हप्त्याच्या मानाने किरकोळ निघाला. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी धाकट्यानेच वही पुढे केली: पेढी, वरचे घर आणि मुलांचा अभ्यास मिळून एवढा वापर होतच नव्हता. तार नीट असती तर १०० मेगाबिट आधीही पुरले असते. योजना पुन्हा १०० वर आणली. वेगळ्या कनेक्शनचा विषय कोणी काढला नाही.

मामा ज्या संध्याकाळी रोह्याला परतायचे होते, त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सारे एकत्र जेवायला बसले. थोरल्याने कपाट उघडून टॅब आणला आणि पुतण्याच्या ताटाशेजारी ठेवला. ‘तुझं काही नव्हतं रे,’ एवढेच तो म्हणाला. मुलाने मान हलवली, टॅब बाजूला सरकवला आणि विचारले, ‘काका, त्या वहीत आजचा आकडा मी लिहू?’