तबलजीचे नाव

माझ्या संग्रही 'रिव्हॉल्व्हर' नावाची इंग्रजी ध्वनिमुद्रिका आहे. 'बीटल्स' या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाने ती १९६६ साली काढली. लोकांना आवडलेल्या चाली पुनःपुन्हा वाजवून त्या चौघांना सुखाने राहता आले असते. पण त्यांनी ध्वनिफिती उलट्या फिरवून पाहिल्या, आणि एका गाण्यात तर चक्क सतार व तबला! तबल्याची साथ अनिल भागवत यांची. मुलांनो, आडनाव ओळखीचे वाटले ना? आमच्या यवतमाळकडे रात्रभर भजनाला साथ करणाऱ्या तबलजीचे नाव पत्रिकेत क्वचितच छापतात. येथे मात्र ते वेष्टनावर स्पष्ट छापलेले आहे. मला हेच फार आवडले. गाणे अवघे तीन मिनिटांचे. शेवटी लय वाढते, तबला धावू लागतो आणि सूर हळूहळू विरत जातात.