चाकातला च, चिंचेतला च

चीनहून येणाऱ्या इन्व्हॉइसवर सहीपेक्षा शिक्क्याला मान असतो. तांबडा, गोल, मधोमध चांदणी आणि कडेनं कमानीत मांडलेली अक्षरं. वागळे इस्टेटमधल्या रंगरसायनांच्या एका कंपनीत मी आयातीची कागदपत्रं बघायचे, त्यामुळे हे शिक्के रोज हाताखालून जात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, मालाचा चाचणी अहवाल. मजकूर सगळा इंग्रजीत, शिक्का तेवढा चिनी. कंपन्या वेगळ्या, गावं वेगळी, पण शिक्क्यातली शेवटची चार अक्षरं कायम तीच. ती ‘यौ श्येन कुंग स’, म्हणजे आपली ‘लिमिटेड कंपनी’, हे कळायला मला बरेच महिने लागले. विचारणार कुणाला? साहेबांना न्हावाशेवाहून माल कधी सुटतो एवढ्याशीच मतलब, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

चायनीज शिकायचंय, असं घरी सांगितलं. डोंबिवलीत चायनीज म्हणजे नाक्यावरची लाल गाडी. “शेजवान चटणीपासून सुरुवात कर,” जाऊबाई म्हणाल्या.

चटणी अजून जमत नाही. चिनी बऱ्यापैकी जमतं, आणि त्याचं श्रेय माझ्याकडे फार थोडं येतं.

टिळकनगरात एका बाईंकडे मी पेटी शिकायला जायचे. म्हणजे वाजवायचे मी, सोसायच्या बाई. फोनवरचे धडे ऐकून चिनीचे चार सूरही घोकत होते: पहिला वर धरून ठेवायचा, दुसरा खालून वर न्यायचा, तिसरा तळाशी, चौथा वरून खाली टाकायचा. ‘माई’ तिसऱ्या सुरात म्हटलं की विकत घेणं, चौथ्यात म्हटलं की विकणं. आयातीच्या धंद्यात हा फरक किरकोळ म्हणता येत नाही. एकदा क्लास संपल्यावर मी हे सूर पेटीच्या पट्ट्यांवर शोधत बसले होते. बाईंनी भाता लावून टाकला. म्हणाल्या, “पेटीत मींड नाही. तिथं काय शोधतेस? गळ्यात घे.” मग माझ्या फोनमधली वाक्यं त्यांनी डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकली आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: “ही बाई तिच्या पट्टीत बोलतेय. तुझी पट्टी काळी चार. तू तिच्या पट्टीत कशाला किंचाळतेस?” दुसरी तिसऱ्या सुराबद्दल होती. पुस्तकात तो खाली जाऊन वर येतो असा काढलेला असतो. बाई म्हणाल्या, “वर कुठे येतोय? खर्जात जाऊन तिथंच बसतोय.” पुढे मोठ्या पुस्तकात वाचलं. चिनीतले सूर ज्याच्या त्याच्या आवाजाच्या मानानं असतात आणि बोलण्याच्या ओघात तिसरा सूर बहुतेकदा खालीच राहतो. बाईंना चिनीचं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

त्यांनीच सांगितलं, “माझ्या थोरल्या भावाला येतं चिनी. कल्याणला असतो, लष्करात होता. जा एकदा.”

काका रामबागेत राहत. 1962 च्या युद्धानंतर लष्कराला चिनी जाणणारी माणसं घाईघाईनं हवी होती. संरक्षण खात्याची परकीय भाषांची शाळा दिल्लीत 1948 पासून होतीच. सिग्नल्समधल्या या तरुणाचा कान चांगला म्हणून त्याला तिकडे पाठवलं. पुढची कित्येक वर्षं कानाला हेडफोन लावून डोंगरात गेली. काय ऐकलं ते काकांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चीनमध्ये मात्र त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही.

त्यांचा शब्दसाठा सगळा त्या नोकरीतला. पूल, रसद, तुकडी, हिमवर्षाव, बॅटरी उतरली. ‘हे केवढ्याला?’ शिकण्याआधी मी ‘खेचरं पहाटे पूल ओलांडून गेली’ हे वाक्य बिनचूक म्हणू लागले. कांद्याला काय म्हणतात ते काकांना येत नव्हतं. कोशात पाहून मी सांगितलं तेव्हा त्यांनी ते वहीत तारीख घालून टिपून घेतलं.

ती वही म्हणजे काकांची खरी कमाई. चीननं 1958 मध्ये पिनयिन ही रोमन लेखनपद्धत स्वीकारली, पण काकांच्या तरुणपणी इकडे जुनी वेड पद्धत चालत होती. तिच्यात प आणि फ यांतला भेद डोक्यावर स्वल्पविराम देऊन दाखवायचा, आणि छापताना तो स्वल्पविराम हमखास गळायचा. काकांनी कंटाळून सगळं देवनागरीत लिहून काढलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. पिनयिनमध्ये बी आणि पी लिहितात, पण कानाला ऐकू येतात प आणि फ. डी-टी म्हणजे त-थ, जी-के म्हणजे क-ख. म्हणून त्यांच्या वहीत ‘पेइचिंग’ होतं आणि खुद्द पिनयिनला ते ‘फिनयिन’ म्हणत. पुढे च चं पान. चिनीत च ची तीन घराणी. एक जिभेचं टोक दातांशी नेऊन काढायचं. दिल्लीत बरोबर शिकणाऱ्या हिंदी भाषकांची तिथं पंचाईत होई. काका म्हणत, आपल्याला तो बाळपणापासून येतो, हा चाकातला च. दुसरं घराणं चिंचेतल्या च च्या जवळचं. तिसऱ्याला जीभ ट म्हणताना जाते तशी मागे न्यायची. तो च मराठीत नाही, आणि त्या एका च नं माझे कित्येक रविवार खाल्ले. काकू आतून थालीपीठ घेऊन येत आणि म्हणत, “पुरे आता, बिचारीची जीभ दुखत असेल.”

फीचा विषय मी एकदाच काढला. काका रागावले नाहीत, वर्गच घेऊ लागले. बौद्ध ग्रंथांची भाषांतरं करताना चिनी भिक्षू संस्कृत शिकले, तेव्हा कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णांची मांडणी त्यांच्या नजरेला पडली. तिच्या आधारानं त्यांनी आपल्या भाषेतली व्यंजनं लावली. तांग काळाच्या अखेरच्या शौवेन नावाच्या भिक्षूकडे या कामाचं श्रेय जातं. हे सांगून झाल्यावर काका म्हणाले, “त्याचं बिल कुणी पाठवलं होतं का? मग तू कशाला पाकीट काढतेस? दिवाळी अंक आण चांगले, आणि माझ्या आधी वाचू नकोस.” पै फ्रेंड्स लायब्ररीतून मी ते नेत असे. आधी वाचत असे, हे त्यांना ठाऊक होतं.

सरावाची जागा म्हणजे लोकल. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. 1916 सालचा तो बोगदा, लांबी सव्वा किलोमीटरच्या वर. आत शिरताच जो गडगडाट होई त्यात शेजारणीचंही बोलणं कळत नसे. डोंबिवलीहून ठाण्याला येताना चौथ्या सीटवर अर्धी टेकून मी तेवढ्या वेळात चौथा सूर मोकळ्या गळ्यानं टाकून घेई. 2022 च्या फेब्रुवारीपासून फास्ट लोकल कळवा-मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. गाड्यांसाठी ते चांगलंच झालं, माझी रियाजाची खोली मात्र गेली. डब्यातल्या बायकांनी मला चिडवलं खूप, पण माझे चिठ्ठ्यांचे गठ्ठे धरून परीक्षाही त्यांनीच घेतली. एकीकडे वाटाणे सोलणं चालू, दुसरीकडे “हं, पुढचं सांग, हे घरासारखं दिसणारं काय?” चिठ्ठी उलटी धरलेली असायची, हे सोडा.

अक्षरं विसरणं हा मात्र रोजचा जाच. फोनवर टाइप करता येतं म्हणून हात आळसावतो. ओळखू येतं ते लिहिता येत नाही. आडवी रेघ आधी, उभी नंतर, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हे नियम पाठ असूनही भरल्या चौकटीत शेवटच्या रेघेला जागा उरत नाही. यावर उपाय सांगितला तिकडच्या एका मुलीनं. आमच्या पुरवठादाराच्या हांगचौच्या ऑफिसात ती माझंच काम करायची. कागदपत्रांच्या चुका कळवता कळवता तिचं विणकाम आणि माझी पेटी यांच्या गप्पा सुरू झाल्या. बागेतल्या फरशीवर मोठ्या कुंचल्यानं पाण्याची अक्षरं काढणाऱ्या म्हाताऱ्यांचा व्हिडिओ तिनं पाठवला. तेव्हापासून कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी ओट्यावर ओल्या बोटानं अक्षरं काढते. वाळली की पुन्हा. कागद लागत नाही आणि चूक कुणाला दिसत नाही. इतकं स्वस्त सुख माझ्याजवळ दुसरं नाही.

29 जून 2020 ला सरकारनं 59 ॲपवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. तिची-माझी बोलण्याची वाट तीच होती. ऑफिसच्या ईमेलवर विणकाम लिहिता येत नाही. माझी वाक्यं संथपणे वाचून पाठवलेले तिचे आवाजही त्या ॲपमध्येच राहिले. त्याच महिन्यात गलवानमध्ये आपले 20 जवान गेले होते. सोसायटीच्या ग्रुपवर, आता ही भाषा कशाला, असा प्रश्न माझं नाव घेऊन विचारला गेला. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, “मी शिकलो तेव्हा लढाई नुकती झाली होती. तेव्हा तर सरकारनंच शिकवलं.” थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा फोन केला आणि कोटणीसांबद्दल बोलत राहिले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमींवर उपचार करता करता चिनी शिकले, तिथंच लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथंच वारले. त्यांची तसबीर काकांच्या बैठकीत होती. आयुष्यभर चीनकडे कान लावून बसलेल्या माणसाच्या घरात ती का, हे मी तोवर विचारलं नव्हतं. त्या फोननंतर विचारायची गरज राहिली नाही.

काका गेले. काकूंनी वही माझ्याकडे दिली. कांद्यापर्यंतची पानं त्यांच्या अक्षरात आहेत, पुढची बरीचशी माझ्या. वहीच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. कल्याणला कुणी एकानं आणि ठाण्याला दोघींनी त्या नेल्या. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत आणखी कुणाला चिनी शिकायची असेल, तर रविवारी सकाळी डोंबिवलीत माझ्या घरी या. फी नाही. चौकटीची वही आपली आपण आणायची, आणि दिवाळीनंतर येणार असाल तर एखादा चांगला अंक.