खारेपाटातील पाहुणे

होळी झाली आणि फाल्गुन वद्य द्वितीयेच्या सकाळी मी अलिबाग तालुक्यातील खारेपाटात, धरमतर खाडीच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकण किनाऱ्याचा जुना हिशेब. दोनाची पाऊणपट दीड. भरती दुपारी दीडला, म्हणजे सकाळी आठला चिखल उघडा सापडणार.

बांधाच्या आतल्या अंगाला भात कापून मोकळी झालेली खाचरे, बाहेर खाडीचा चिखल. चिखलावर पाखरांची नुसती जत्रा भरली होती. कोयत्यासारखी वाकडी चोच बिळात खुपसून कुरल खेकडा ओढून काढीत होता. चिमुकले चिखले दोन पावले धावत, थबकत, काहीतरी टिपीत. पाणटिवळ्यांच्या मानेवर विटकरी रंग चढू लागला होता. ही विणीची तयारी. पण वीण इथे नाही. पावसाळा सरता सरता आलेली ही पाखरे आता उठून मध्य आशिया, सैबेरियाकडे जाणार. त्या हजारो मैलांची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी, आणि ती या चिखलातच मिळवायची. (कुरल बांध पोखरणारे खेकडे खातो म्हणून बांध वाचतो, असे मात्र मी म्हणणार नाही. तेवढ्याने भागते तर काय हवे होते!)

बाराच्या सुमारास पाणी चढले. चिखल बुडू लागला तसे थवेच्या थवे उठले आणि आमच्या डोक्यावरून आतल्या खाचरांत उतरले. भरती ओसरेपर्यंत त्यांचा मुक्काम तिथे.

बांधावर एक वयस्क शेतकरी घमेल्याने चिखल टाकीत होते. म्हणाले, “साहेब, पाखरे बघता, तशी ती खांडही बघा.”

पाहिली. काही वर्षांपूर्वी उधाणात बांध फुटला, दाद मागूनही वेळेवर बांधला गेला नाही. खारे पाणी रोज आतबाहेर करू लागले आणि भाताच्या जागी तिवर उगवले. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवन तोडण्यास मनाई केली, ती योग्यच आहे. पण ज्याच्या खाचरात कांदळवन आले, त्याच्या हातून जमीन गेल्यासारखीच. याच खारेपाटात चरी गावी कुळांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षे संप करून जमिनी पडीक ठेवल्या होत्या.

“पनवेलचे खारे भात लावून बघू का?” त्यांनी विचारले.

“काका, ते वाण थोडा खार सोसतात. रोजचा समुद्र कुठलेच भात सोसत नाही. आधी खांड बुजली पाहिजे. मग दोन-तीन पावसाळे गोड्या पाण्याने खार धुवावा लागेल.”

मी पुन्हा दुर्बीण लावली. त्या तिवरांत एकही पाणटिवळा उतरला नव्हता. या पाखरांना चहूकडे नजर जाईल अशी उघडी जागा लागते. ती सारी शेजारच्या शाबूत बांधाआडच्या खाचरात, एका पायावर उभी होती.

चारला पाणी उतरले, पाखरे चिखलावर परतली. काकांचे घमेले चालूच होते. पूर्वी या कामाला सारे गाव उतरत असे, म्हणाले. मी दुर्बीण पिशवीत टाकली आणि दुसरे घमेले उचलले.