सरळ रेषेतले नागपूर

सिन्नरच्या गोंदेश्वराच्या चौथऱ्यावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर नागपूर दिसत नाही, हे सांगायला प्राध्यापक कशाला हवा! पण माझी थोरली बहीण तिकडे नांदते आणि मी इकडे. त्यामुळे या दोन गावांमधल्या अंतराचा हिशेब आमच्या घरात वर्षानुवर्षे चालू आहे.

नकाशावर पट्टी ठेवली, तर हे अंतर सुमारे ५५० किलोमीटर भरते. ताशी पाचशेच्या वेगाने जाणारे पंख्याचे विमान ते तास-सव्वा तासात कापील. ऐकायला किती गोड! पण विमान सिन्नरच्या बसस्थानकात थोडेच येते? आधी नाशिक ओलांडून ओझर गाठायचे, तासभर अगोदर हजर राहायचे, उतरल्यावर सामानाची वाट पाहायची. दारापासून दारापर्यंत पाच तास सहज होतात.

आगगाडीचा प्रकार निराळा. नाशिक रोडहून भुसावळ, अकोला, वर्धा करीत ती सुमारे ६५० किलोमीटरांचा वळसा घेते. आमची आई हा प्रवास एका रात्रीचा आणि दोन डब्यांचा मानी. एकात दशम्या, दुसऱ्यात चटणी.

मग समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला. २६ मे २०२३ रोजी तो भरवीरपर्यंत वाढला आणि सिन्नरजवळच्या गोंद्याहून त्यावर चढता येऊ लागले. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. तो इतका सरळ आहे, की मोटार सहा-साडेसहा तासांत नागपुरास पोचते. म्हणजे विमानाने वाचतो तो जेमतेम एक तास!

वाटेत देवगिरी लागते. सिन्नर ही यादवांची सुरुवातीच्या काळातली राजधानी. तिथून देवगिरी सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. विमानाला पाव तासाची मजल. पण राजधानी तिकडे न्यायला बाराव्या शतकातला पाचवा भिल्लम यावा लागला. मधे यादवांच्या कितीतरी पिढ्या गेल्या!

आमच्या घरात मात्र उलटेच झाले. आगगाडीच्या दिवसांत मी भाऊबिजेला गेलो, की चार दिवस राहत असे. एवढ्या लांब जाऊन लगेच परतायचे कसे? आता सकाळी निघतो, दुपारी ताईच्या पाटावर बसतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोटार सुरू करतो. गेल्या दिवाळीला निरांजन खाली ठेवता ठेवता ताई म्हणाली, "अरे, तू लांबून यायचास तेव्हा राहायचास. आता जवळून येतोस, म्हणून लगेच जातोस."

तिच्या या हिशेबात मला चूक काढता आली नाही. यंदाही मी समृद्धीनेच जाणार आहे. निघायची वेळ मी ठरवली आहे. परतीचा दिवस ताई ठरवील.