खांबांवरची खोली आणि रात्रीचा अस्करी

जंगलात राहायला पैसे मोजायचे, ही कल्पना फौजी माणसाच्या गळी उतरवणं अवघड. जी गोष्ट करण्यासाठी सरकारने मला इतकी वर्षं पगार दिला, तीच आता खिशातले डॉलर काढून करायची? पण सौ. ने एका वाक्यात निकाल लावला. "तुम्ही जंगलात असता तेव्हा मी घर सांभाळत असते. एकदा मलाही जंगल दाखवा. फक्त बाथरूम असलेलं."

साल २०१८. मी तेव्हा काँगोत, गोमा शहरात, संयुक्त राष्ट्रांच्या मोनुस्को मिशनमध्ये स्टाफ ऑफिसर होतो. गोमाच्या उत्तरेला विरुंगा राष्ट्रीय उद्यान आहे, १९२५ सालचं, आफ्रिकेतलं सगळ्यात जुनं. तिथं डोंगरी गोरिले आहेत, हत्ती आहेत आणि न्यीरागोंगो ज्वालामुखी आहे. त्याच्या तोंडावरचा लाल उजेड रात्री गोमातून दिसायचा. मंडळींना वाटेल, मग बायकोला तिथंच का नाही नेलं? त्या वर्षी एप्रिलमध्ये विरुंगाचे पाच रेंजर आणि एक चालक हल्ल्यात मारले गेले. मे महिन्यात एका तरुण महिला रेंजरला ठार करून दोन ब्रिटिश पर्यटकांना पळवून नेलं. ते दोन दिवसांनी सुटले, पण उद्यान पर्यटकांना बंद झालं. आमच्या नकाशावर ते जंगल म्हणजे सशस्त्र टोळ्यांच्या नावांची यादी होती. झाडं तीच, हत्ती तेच, पण तिथं कोणी हौसेने जात नव्हतं.

म्हणून ठरलं केनिया. मी गोमाहून सीमा ओलांडून किगाली आणि तिथून विमानाने नैरोबी गाठलं. सौ. मुंबईहून आली, बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी दोन स्वेटर घेऊन. विषुववृत्तावर स्वेटर! पण नैरोबीच्या त्या जुलैमध्ये दोन्ही वापरले, हे इथं नमूद करतो.

नैरोबीहून मोम्बासाला जाणारी नवी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली होती. आम्ही तिने वोईपर्यंत गेलो. ही गाडी त्सावोच्या रानातून जाते. रेल्वेचा भराव उंच आहे आणि हत्तींना पलीकडे जाता यावं म्हणून खालून मोठे बोगदे ठेवले आहेत. त्सावोची माती आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी लाल. हत्ती ती अंगावर उडवून घेतात, त्यामुळे तेही तांबडे दिसतात. सौ. ने खिडकीतून पहिला कळप पाहिला आणि म्हणाली, "अहो, हे तर गेरू लावल्यासारखे आहेत."

नव्या रुळांच्या जवळूनच जुना मार्ग जातो, १८९६ मध्ये मोम्बासाहून सुरू केलेला. तो बांधायला सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून आणले होते, बहुतेक पंजाबातले. त्यांतले जवळजवळ अडीच हजार ते काम चालू असतानाच मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीच्या पुलाचं काम चालू असताना दोन नरभक्षक सिंहांनी त्यांच्या छावण्यांत महिनोन्‌महिने धुमाकूळ घातला. शेवटी कर्नल पॅटरसनने ते मारले. ते पेंढा भरलेले सिंह आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. सिंह मारणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. तंबूतून ओढून नेलेल्यांची नावं मात्र पर्यटकांच्या माहितीपत्रकात कुठंच दिसली नाहीत.

आमचा मुक्काम वोईच्या पश्चिमेला, तैता हिल्सच्या खासगी अभयारण्यातल्या सॉल्ट लिक लॉजमध्ये होता. हे लॉज जमिनीवर नाहीच. काँक्रीटच्या उंच खांबांवर गोल खोल्या, वर टोकदार छपरं, आणि एका खोलीतून दुसरीकडे जायला हवेतले पूल. खाली पाणवठा. गावाकडे शेतात राखणीला माळा बांधतात ना, तसले पन्नासभर माळे कुणीतरी सिमेंटचे करून त्यांना गालिचे घातलेत, असं समजा. आम्ही चहा पीत बसलो होतो आणि बरोबर पायांखालून हत्तींची रांग चालली होती. एक पिल्लू खांबाला पाठ घासून पुढे गेलं.

पांढऱ्या चादरी, टॉवेलची घडी घालून केलेला हंस, जेवायला सात-आठ प्रकार, त्यांत चपाती आणि चहासुद्धा. स्वाहिलीतही त्यांना चपाती आणि चायच म्हणतात. दुकानाला दुका आणि गाडीला गारी. आपल्या लोकांनी त्या किनाऱ्यावर आणखी काही नेलं असो-नसो, शब्द मात्र पोचवले. सौ. ने पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं की इथं कोणी तिला "आज भाजी काय?" विचारत नाही, एवढ्यानेच पैसे वसूल झाले. फील्ड पोस्टिंगची तीन वर्षं तिने सासरी, आबा-आईंबरोबर, एकटीने काढली होती. तिचं ते वाक्य मी हसण्यावारी नेलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो भुयारी रस्ता. लॉजच्या पोटातून एक बोगदा निघतो आणि पाणवठ्याच्या अगदी काठाशी एका खोलीत उघडतो. बारीक खिडक्या, डोळे जमिनीच्या पातळीवर. म्हणजे चक्क बंकर! फायरिंग लूपहोलमधून मी आयुष्यात बरंच काही पाहिलंय, पण समोर दहा-बारा फुटांवर हत्तीचं नख आणि पाण्यात बुडणारी सोंड कधी पाहिली नव्हती. आत बसलेले सगळे पाहुणे आपोआप गप्प झाले. बंकरमध्ये माणूस शांत बसतो, हे मात्र सगळीकडे सारखंच.

रात्री दोन वाजता जाग आली. जुनी सवय, संत्री बदलायची वेळ. शाल घेऊन पुलावर आलो तर तिथं पहारेकरी उभा होता. हातात टॉर्च आणि रुंगू, म्हणजे गाठीचा लाकडी सोटा. बंदूक नाही. अशा पहारेकऱ्याला तिथं अस्करी म्हणतात. स्वाहिलीत अस्करी म्हणजे मूळचा शिपाई. हा शब्द अरबीतून आला, आणि आपला "लष्कर" व तो एकाच कुळातले, असं मानतात. वयाने तो माझ्याहून बराच मोठा, म्हणून मी त्याला "म्झे" म्हटलं. तिकडे वडीलधाऱ्याला असंच हाक मारतात. गोमात थोडी स्वाहिली शिकलो होतो, त्याला थोडी इंग्रजी येत होती. तेवढ्यावर भागलं.

"झोप येत नाही का?" त्याने विचारलं.

"मी पण अस्करीच आहे," मी म्हणालो.

मग तो मोकळा झाला. तैताच, जवळच्याच गावचा. घरी थोडी जमीन, मक्याची. त्या हंगामात पीक हाताशी आलं आणि एका रात्रीत हत्तींनी सगळं साफ केलं. भरपाईचा अर्ज दिलाय, वाट बघतोय. खाली पाणवठ्यावर त्या वेळी नऊ हत्ती उभे होते. तो त्यांच्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "यांतलेच असतील. इथं त्यांना कोणी त्रास देऊ नये म्हणून मी उभा. आणि तिकडे माझी बायको डबा वाजवत उभी."

मंडळी, मला काय बोलावं ते सुचेना, कारण माझं गाव चंदगड तालुक्यातलं. २००० नंतरच्या दशकात कर्नाटकातून आमच्या भागात हत्ती उतरू लागले. आजऱ्यात, चंदगडात, खाली दोडामार्गात त्यांनी ऊस, भात, केळी, माड सगळं पाहून ठेवलं. आमच्या आबांचा ऊस दोनदा तुडवला. रात्री गावातली पोरं फटाके घेऊन, डबे बडवत बांधावर उभी. पंचनामा झाला, भरपाईही आली. ती उसाची आली. आबांनी जागून काढलेल्या रात्रींची कशी येणार? सुट्टीवर गेलो की आबा मला सीमेवरचं काही विचारत नसत. "रायफल घिऊन दोन दिस शेतात बस की," एवढंच म्हणत.

हे मी म्झेला सांगितलं. हिंदुस्थानातही हत्ती शेतात येतात, याचं त्याला नवल वाटलं नाही. त्याने फक्त एक विचारलं, "आणि तुमच्या गावात हत्ती बघायला असे पाहुणे येतात का?"

"नाही."

"मग तुमच्या वडिलांचं माझ्यापेक्षा अवघड आहे," तो म्हणाला. "मला निदान हत्तींमुळे पगार तरी मिळतो."

बराच वेळ आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. बोलता बोलता कळलं की त्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धात कारिआकोरमध्ये होते. हा शब्द म्हणजे कॅरिअर कोअर. सैन्याचं ओझं डोक्यावर वाहणाऱ्या आफ्रिकी हमालांचं दल. ते रोगाने, उपासमारीने हजारोंनी मेले. नैरोबीतल्या एका वस्तीचं नाव आजही कारिआकोर आहे. "तुमचे शिपाई पण होते इथं," म्झे म्हणाला. "मक्ताऊला आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळची सफारी सोडून आम्ही मक्ताऊला गेलो. सौ. ने सिंहापेक्षा हे निवडलं, मी आग्रह केला नव्हता. लॉजपासून गाडीने फार लांब नाही, तावेताच्या रस्त्यावरच.

१९१४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई बंदरातून सुमारे आठ हजारांची फौज पूर्व आफ्रिकेला निघाली होती. तिच्यात १०१ ग्रेनेडिअर्स होते, काश्मीर आणि ग्वाल्हेर संस्थानांचे शिपाई होते. नोव्हेंबरमध्ये टांगाच्या किनाऱ्यावर उतरले आणि जर्मनांकडून वाईट हार पत्करून परतले. नंतर १९१५ मध्ये वोईहून तावेताकडे लष्करी रेल्वे टाकायला घेतली, तीही हिंदुस्थानी सॅपर्सच्या रेल्वे कंपन्यांनी. या कोरड्या रानात शत्रूइतकाच पाण्याचाही प्रश्न होता. मक्ताऊ हा त्या रेल्वेवरचा तळ. आमच्या मराठा पलटणी त्या काळात मेसोपोटेमियात, कूतच्या बाजूला होत्या. इथं होते बलुची, पठाण, पंजाबी, डोगरे, राजपूत.

फेब्रुवारी १९१६ मध्ये तावेताजवळच्या सलाइटा टेकडीवर नवख्या दक्षिण आफ्रिकी पलटणींनी हल्ला केला आणि तो फसला. ते मागे येताना १३० बलुची पलटणीने जर्मनांचा पाठलाग रोखून धरला. आफ्रिकी गोऱ्या सैनिकांची मागे पडलेली मशीनगन त्यांनी परत आणली, असं सांगतात. ती परत पाठवताना सोबत चिठ्ठी होती म्हणे: यापुढे आमच्या शिपायांना कुली म्हणू नये, ही विनंती. ती पलटण फाळणीनंतर पाकिस्तानकडे गेली. तरीही हा किस्सा ऐकताना माझी छाती दोन इंच फुगते. वर्दीतल्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मक्ताऊची हिंदुस्थानी शिपायांची दफनभूमी लहानशी आहे. काटेरी झुडपांच्या रानात जपलेली, आखीव जागा. आजूबाजूला तीच लाल माती. मी टाचा जुळवून सॅल्यूट केला. सौ. ने बॅगेतून एक पुडी काढली. देवाच्या पाया पडून निघताना आईंनी दिलेला अंगारा होता. तिने तो तिथल्या मातीत सोडला. "यांच्या घरच्यांनाही कोणी सांगितलं असेल की पोरगं जंगलात आहे," एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मीही काही बोललो नाही. ती ते वाक्य शिपायांबद्दल बोलली होती की स्वतःबद्दल, हे मला कळलं होतं.

शेवटच्या रात्री निजण्याआधी म्झेला भेटलो. दोघांनी हात मिळवला. त्याने एकच सांगितलं, "आज झोपा. आज माझी ड्युटी आहे." आणि मी झोपलो. दोन वाजता जाग आली नाही. सकाळी साडेसहाला सौ. ने हलवून उठवलं. मला पहाटेपर्यंत गाढ झोपलेलं तिने लग्नानंतर क्वचितच पाहिलं होतं. खालून हत्ती कधी गेले, तेही कळलं नाही.

नैरोबीहून गावी फोन लावला. आबांना सगळं सांगितलं: खांबांवरची खोली, बंकर, पायांखालून जाणारे हत्ती. म्झेच्या मक्याचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "एका रात्रीचं किती घेतलं?" मी आकडा सांगितला. पलीकडे जरा वेळ शांतता.

"त्या गोऱ्या लोकास्नी सांग," आबा म्हणाले, "आमच्या बांधावर या म्हणावं. हत्ती दावतो, वर भाकरी पण घालतो. आन्‌ तुझ्या त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला सांग, त्याचा मका भरून निघू दे म्हणावं देवाच्या दयेनं."

जय हिंद.